परत येण्याची परीक्षा

ताणसंवेदकाची पारख तो किती ताणला जातो यावर होऊ नये. ताण सोडल्यावर तो मूळ आकड्यावर परततो का, यावर व्हावी. पूल आणि तुळया मोजणारी धातूची पट्टी दोन-चार टक्के ताणली की निकामी होते. गुडघा वाकताना वरची कातडी त्याच्या कितीतरी पट ताणते. म्हणून तर रबरावर आणि कापडावर कार्बनच्या नॅनोनळ्यांचं जाळं अंथरलं जाऊ लागलं. ताण पडला की या जाळ्यात भेगा पडतात, विजेची वाट अडखळते आणि रोध वाढतो. २०११ साली जपानी संशोधकांनी असा संवेदक २८० टक्के ताणून दाखवला, मोज्यात नि हातमोज्यातही बसवला. तो आकडा गाजला. त्याच कामातली दहा हजार वेळा ताणून सोडण्याची चाचणी मला अधिक मोलाची वाटते.

कारण रबर रेंगाळतं. ताणताना आणि सैल होताना ते एकाच वाटेने जात नाही, त्यामुळे रोधाचा एकच आकडा गुडघ्याचे दोन वेगळे कोन सांगतो. ही चूक सॉफ्टवेअर दुरुस्त करील, असं म्हणतात. करील, पण चूक रोज सारखीच होत असेल तरच. घामाने आणि धुण्याने जाळं बदलत गेलं, तर कालची दुरुस्ती आज लागू पडत नाही. त्यात आपलं ऊन. सिलिकॉन रबर दर अंशाला साधारण ०.०३ टक्के प्रसरण पावतं; २५ अंशांच्या प्रयोगशाळेतून नांदेडच्या ४२ अंशांच्या मे महिन्यात आणलं की अर्धा टक्का झालाच. गुडघ्याच्या मापात तो सहज खपेल; नाडीचा ताण मात्र एवढ्याने झाकून जाईल. मोबाइलमधला स्वस्त त्वरणसंवेदक असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पावलं मोजायला तो पुरे. पण तो एका हाडाची हालचाल टिपतो; सांध्याचा कोन हवा तर वर आणि खाली असे दोन लागतात. ताणसंवेदक सांध्यावरच बसतो.

हे काम एकट्या रसायनशास्त्राचं नाही. विणकाम सैल पडलं तर उत्तम जाळंही खोटं बोलेल, आणि किती अंशांची चूक चालेल हे हाडांच्या डॉक्टरांनीच सांगावं. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान शिकवलं जातं, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आहे. नमुना तयार झाला की आधी मे महिन्यात, घामेजलेल्या गुडघ्यावर बांधून पाहा. किती टक्के ताणला ते नंतर छापा.