रात्रभर जागा फोन

चार्जरला लावला की फोन झोपतच नाही. स्क्रीन टाइमआउट ३० सेकंदांवर, तरी खोलीभर उजेड. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी बदला. मला पटेना. केबल काढली की स्क्रीन निमूट विझते, मग दोष बॅटरीचा कसा?

शेवटी सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्सपर्यंत पोहोचले. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारल्याशिवाय हे दालन उघडत नाही. माझ्याकडे ते उघडंच होतं, भाच्याची कृपा! तिथे ‘स्टे अवेक’ चालू. ॲप बनवणाऱ्यांना तपासणीच्या वेळी स्क्रीन सतत जागी लागते, त्यांची ही सोय. मला काय उपयोग? उलट ओएलईडी पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर डाग पडायची भीती. बंद केलं. भाच्याने आणखी काय काय चालू करून ठेवलंय, ते उद्या विचारते.