बैलजोडी आणि हराळी

सावेडी, अहिल्यानगर

चि. सई हिस,


फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तुझा आराखडा मिळाला, फोटोही मिळाले. साखरपुड्याला तुझ्या होणाऱ्या सासरची, प्रभात रोडची मंडळी येण्याआधी राहात्याच्या बंगल्यापुढची सिमेंटची बैलजोडी, गेटच्या खांबांवरचे सोनेरी सिंह, कारंजं, ते लुकलुकणाऱ्या दिव्यांचं नारळाचं झाड आणि जिराफ, एवढं सगळं हलवायचं, आणि ते आप्पांच्या गळी मी उतरवायचं, असा तुझा बेत. ‘ते तुझं ऐकतात गं मावशी’ असंही वर लिहिलंस. ऐकतात खरे. पण हे मी त्यांना सांगणार नाही. का, ते सांगते.

आधी तुझ्या आराखड्याबद्दल. बंगल्यापुढे गुंठाभर लॉन, कडेने पांढरे गोटे, कोपऱ्यात शोभेचं गवत. नर्सरीत चौरस फुटाच्या भावाने जी हिरवळ मिळते ती पुष्कळदा आपली हराळीच असते. तुझ्या आप्पांनी उभा जन्म तिच्याशी वैर केलंय. नांगरट झाली की ताई आणि ते ढेकळांतून तिच्या काशा वेचायचे, बांधावर ढीग करून जाळायचे. एक तुकडा मातीत राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा पसरते ती. आता पैसे मोजून, ट्रकने आणून, स्प्रिंकलर लावून तीच दारात पसरायची, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि तुझं ते शोभेचं गवत मी चष्मा लावून पाहिलं. बांधावरच्या कुसळीपेक्षा त्यात वेगळं काय आहे ते मला तरी दिसलं नाही.

पाण्याचा हिशेबही करून पाहा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिलंस, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढ्याने भागत नाही, तरी पाचशे लिटर झाले. टँकरवरच्या गावात माणशी वीस लिटर धरतात. म्हणजे पंचवीस माणसांचं पाणी रोज त्या हिरव्या सतरंजीवर ओतायचं. अकोले तालुक्यातला डोंगरभाग सोडला तर आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. राहात्याला कालवा आहे म्हणून विसरायला होतं, एवढंच. मोकळी, सपाट, काहीच न पिकवणारी हिरवी जागा हीच मुळात श्रीमंती आहे. आमच्याकडे एवढी जमीन आणि एवढं पाणी नुसतं बघायला आहे, असं ती सांगते. सिंह तेच सांगतात, जरा मोठ्याने. तुला त्यांचा आवाज खटकतो.

आपल्या अभयकडे इंग्लंडात लेस्टरला गेले होते तेव्हा त्याने जवळची लॅम्पोर्ट हॉल नावाची एक हवेली दाखवली होती. तिथले धनी सर चार्ल्स आयशम यांनी १८४० च्या दशकात जर्मनीहून दाढीवाल्या, टोकदार टोपीवाल्या बुटक्यांच्या मातीच्या मूर्ती आणून आपल्या बागेतल्या दगडांच्या कपारींत मांडल्या. त्या काळी हा बड्या घरचा शौक. सर चार्ल्स गेल्यावर त्यांच्या मुलींनी ते सगळे बुटके काढून टाकले, त्यांना लाज वाटायची म्हणे. एक तेवढा कपारीत दडून राहिला. आज त्याचं नाव लॅम्पी, आणि हवेलीत पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवतात. मधल्या काळात असले बुटके कारखान्यांत हजारोंनी निघू लागले, कामगारांच्या घरांपुढे उभे राहिले आणि लगेच हलक्या अभिरुचीचे ठरले. लंडनच्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात त्यांना बंदीच होती. २०१३ साली प्रदर्शनाच्या शताब्दीपुरती ती उठवली. बुटका होता तसाच राहिला. त्याच्या मालकाची ऐपत तेवढी बदलली.

हे सगळं विलायतेतलंच आहे असं समजू नकोस. आम्ही दोघी बहिणी हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो, हे तुला माहीत आहे. भंडारदऱ्याचं धरण झालं, प्रवरेचे कालवे वाहते झाले, आणि त्या पाण्यावर ऊस, उसावर कंपनी, कंपनीवर आमचं घर. साहेबांचे बंगले वेगळे. त्यांच्यापुढे क्रोटनच्या कुंड्या, गेरू लावलेल्या, वर चुन्याची कड. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडांची रांग, तीही चुन्याने रंगवलेली. ही सगळी छावणीची शिस्त. भिंगारला लष्करी भागात आजही बघायला मिळते. आमच्या आईने एका दिवाळीला ओढ्यातून दगड आणले, चुना लावला आणि क्वार्टरच्या दारापुढे हातभर रांग मांडली. मधे झेंडू. शेजारच्या बायका हसल्या, ‘कारकुनाच्या दारात साहेबी आली!’ आई काही बोलली नाही, पुढच्या दिवाळीला रांग वाढवली. आणि गंमत बघ, ज्या साहेबाचं बघून तिने हे केलं तोही त्याच्या देशात असाच कुठे तरी भिंतीला भिंत लागलेल्या घरात वाढलेला असायचा. बंगला, माळी, पाणक्या हे सगळं त्याला इकडे आल्यावर लाभलेलं. त्याची बागही नवश्रीमंताचीच. आपण त्याला साहेब म्हणत होतो म्हणून ती खानदानी दिसली.

पुढे सहकारी कारखाने उभे राहिले. १९५० साली लोणीला प्रवरा कारखान्याचं धुराडं पेटलं, मग एकामागून एक. कारखान्यांच्या गेस्टहाऊसपुढे गेरू-चुना आला, बॉटल पाम आले, कारंजी आली. मग चेअरमनच्या बंगल्यापुढे, मग संचालकांच्या, आणि शेवटी पेरूच्या पैशावर बंगला बांधणाऱ्या तुझ्या आप्पांच्या. तोवर वरच्यांनी ते सगळं टाकून दिलं होतं. आता त्यांच्याकडे गोटे आणि कुसळी. तुझ्या क्लायंटच्या गच्चीवर तू गंजवलेले पत्र्याचे डबे मांडलेस, त्याचे फोटो मला पाठवलेस. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू. पण ताईच्या मोरीमागे तेलाच्या डब्यांत गवती चहा आणि तुळस आहे, तिकडे पाहुण्यांनी जाऊ नये म्हणून तू पडदा लावायचा म्हणतेस. डबा एकच गं. ज्याला चांगली कुंडी परवडते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यानेच तो मांडायचा, असा काही नियम आहे का?

चंदीगडच्या सहलीहून आलीस तेव्हा तुझ्या तोंडी आठवडाभर नेकचंद होता. रस्तेविभागातला साधा निरीक्षक, १९५७ च्या सुमारास त्याने सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, भंगार जमवून माणसं-जनावरं उभी करायला सुरुवात केली; १९७० च्या दशकात ते उघडकीला आलं, पाडायचं घाटत होतं, पण वाचलं आणि १९७६ ला लोकांसाठी खुलं झालं. कार्बुझिएच्या सरळ रेषांच्या शहरात हा बांगड्यांचा दरबार, असं तू म्हणाली होतीस. मला ते फार आवडलं होतं. तोच नेकचंद राहात्याला, तुझ्या वडिलांच्या रूपात, साखरपुड्याच्या आधी भेटला की मात्र पंचाईत.

नेकचंदने स्वतःच्या हातांनी केलं, आप्पांनी गवंड्याकडून करवून घेतलं, असं तू म्हणशील. मग बैलांकडे एकदा नीट बघ. सिंह रस्त्याकडेच्या दुकानातून आणलेले आहेत, एकाच साच्यातले, त्यांच्याबद्दल मी भांडणार नाही. बैल तसे नाहीत. तू पुण्याला शिकायला होतीस तेव्हाची गोष्ट. २०१२ च्या दुष्काळात चारा मिळेना, जोडीतला हौशा थकलेला, म्हणून लोणीच्या बाजारात हौशा-सोन्याची जोडी विकली. ताई सांगते, दाजी, म्हणजे तुझे आप्पा, त्या दिवशी घरी आले ते कासरा हातात घेऊनच. पुढे बंगला झाला तेव्हा लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंट, अशी जोडी गवंड्याने केली. चारही शिंगं सारखी, डौलदार. दाजींनी एक शिंग फोडायला लावलं. सोन्याचं डावं शिंग टोकाला खाली वळलेलं होतं. गवंडी म्हणाला, असं कुणी करतं का, वाईट दिसेल. फोडलं, पुन्हा सळई वाकवली, पुन्हा केलं. हौशाच्या मानेवर जुवाचा घट्टा होता, तोही आहे. ऑइल पेंटने तिथे करडा हात मारलाय. पोळ्याला दाजी त्या शिंगांना हिंगूळ लावतात, गोंडे बांधतात. ताईने पहिल्या वर्षी नाक मुरडलं, आता पुरणपोळीचा निवद स्वतः घेऊन जाते.

हे वाईट अभिरुचीचं आहे असं तुझ्या कॉलेजात शिकवलं असेल तर फी वाया गेली.

आता त्या बुद्धाच्या मस्तकाबद्दल. कारंज्याच्या जागी गोट्यांवर नुसतं मस्तक, खाली निळा दिवा. ‘शांत वाटतं’ असं लिहिलंस. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या घरी मी कितीदा गेले आहे. तिथे बुद्ध भिंतीवर वर असतो, शेजारी बाबासाहेब, पुढे मेणबत्ती. १९५६ नंतर या महाराष्ट्रात बुद्ध कुणासाठी काय आहे हे तुला ठाऊक नाही असं नाही. मानेपासून तोडलेली अशी मस्तकं आशियातल्या कितीतरी पुरातन मूर्तींवरून चोरून बाजारात आली, त्यांच्या नकला आज दिवाणखान्यांत बसल्यात. सिंह असले भडक तरी त्यांनी कुणाचा देव कापून आणलेला नाही. ही एक वस्तू मात्र आराखड्यातून काढूनच टाक, दाजींसाठी म्हणून नाही.

बागेची हौस करून ती मोडायची ही रीत नगरला जुनीच. फराहबाग बघितलीस ना लहानपणी? तळ्याच्या मधोमध महाल, खापराच्या नळांनी पाणी आणलेलं. पहिल्यांदा बांधला तो निजामशहाला पसंत पडला नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधला. १५८३ च्या सुमारास पुरा झाला. राजाला नापसंत म्हणजे किती खर्च बघ! आज तळं कोरडं आहे. आणि तिथून थोड्याच अंतरावर किल्ल्यात नेहरू १९४२ पासून कैदेत होते, ते भर उन्हात वाफे खणायचे. जमीन खराब, दगड आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा, तरी फुलं लावली. तिथे बघायला कोण पाहुणा येणार होता? मला बागेचा तो प्रकार सगळ्यांत आवडतो, पण तसा तुरुंग सगळ्यांच्या नशिबी नसतो, आपल्याला पाहुणे असतात.

तुझ्या होणाऱ्या सासूबाईंबद्दल एक सांगते. त्यांच्या गच्चीवरच्या बोन्सायचे फोटो तू दाखवलेस. वडाला बशीत बसवून तारांनी बांधून ठेवायचं, यात मला काही सौंदर्य दिसत नाही, पण त्या बाई रोज सकाळी कात्री घेऊन तासभर त्या झाडांपाशी असतात हे तूच सांगितलंस. तशी बाई बैलाचं वाकडं शिंग बघून विचारल्याशिवाय राहणार नाही. आणि एकदा विचारलं की दाजी हौशा-सोन्यापासून सुरू करून कालव्याच्या पाळीपर्यंत जातील, म्हणून मंडळींना आधी चहा दे, मग अंगणात आण.

झेंडूही राहू दे. ‘दुकानाच्या उद्घाटनासारखं वाटतं’ असं लिहिलंस, आणि त्याच ओळीत देशी झाडं लावू म्हणालीस. झेंडू तरी कुठला देशी, मूळचा मेक्सिकोकडचा. पण त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही.

मी दोन दिवस आधी येतेच आहे. पडदा लावू नकोस. त्या दिव्यांच्या नारळाचं बटण बंद ठेवायचं काम माझ्याकडे. फ्यूज उडाला म्हणून सांगेन, दाजींना कळेल, पण ते बोलणार नाहीत. सिंहांचा सोनेरी रंग घासून दगडी रंग द्यायला ते तयार होतील असं वाटतं, कारण तो उडायलाच लागलाय. जिराफाला माझाही पाठिंबा नाही. तो कुणाच्या आठवणीतला नाही, दुकानदाराने सिंहांवर सवलतीत गळ्यात मारलेला आहे. पेरूच्या बागेत पोपट फार झालेत अशी दाजींची तक्रार चालू असते. तिकडे मधोमध उभा करा, पाखरं बिचकतील, असं मी सुचवणार आहे. उचलायला चार गडी लागतील, तेवढे सांगून ठेव.

तुझी,
मावशी