पालाची जागा

सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरेपलीकडे शिरवळ. तिथे पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणाऱ्यांना दोन्ही काठांचं पाणी सारखंच. दाखल्याच्या कागदाला मात्र तसं नसतं. या वाटांवरून जे नाहीसं होत चाललंय, त्यातलं थोडं टिपून ठेवतो.

पाल. दोन मेढी, चार खुंट, वर चवाळी-गोधड्या. आता ताडपत्री, नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स.

घिसाड्याचा भाता. बाप्या सांडशीत तापलं लोखंड धरणार, बाई घण मारणार. सुगीआधी विळ्या-खुरप्यांना पाणी पाजून घ्यायला सगळा गाव पालाशी यायचा. दुकानात तयार विळा टांगला गेला आणि गावाची ती गरज संपली.

जात्या-पाट्याला टाकी लावणाऱ्याची हाक.

पलीकडे पुरंदरात, जेजुरीला, पौष पौर्णिमेचा गाढवांचा बाजार. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार सगळे जमतात. बाजार अजून भरतो, पण मातीचं काम यंत्रांनी उचललं आणि गाढवं घटली.

गायरान. सगळ्यात मोठी गळती इथे आहे. ओढ्याकाठची, स्मशानाजवळची, कुणा एकाच्या नावावर नसलेली जमीन हाच भटक्यांचा मुक्काम होता. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कितीतरी जमातींना हजेरी द्यावी लागे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952ला गेला. संशय राहिला, पण पाल टाकायला जमीन तरी होती. पुढे कुंपणं आली, प्लॉट पडले, हमरस्ता रुंदावला. जानेवारी 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि जुलैत राज्याने गायरानाचे नियम आवळले. त्याच डिसेंबरात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना निघाली: वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकाला 5 गुंठे आणि 269 चौरस फुटांचं घर. जमीन बंद करणारा आणि जमीन मागणारा, दोन्ही कागद एकाच वर्षाचे आहेत.

योजना चांगल्या हेतूने झाली, हे मी मनापासून मानतो. पण तिच्यातली एक अट मला सलते. कुटुंबाने वर्षातले किमान सहा महिने एका ठिकाणी राहिलेलं असावं, अशी ती अट. जो सर्वांत जास्त फिरतो, त्याचंच नाव यादीतून गळतं. त्याआधी जातीचा दाखला हवा. त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या साली जे पालात होते, त्यांची नोंद कुठल्या गावच्या दप्तरात शोधायची?

आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा असाच फिरस्ता समाज आहे. तिथल्या 1998च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्यांच्या घरांचा आराखडा करण्याची सक्ती आहे, आणि वर्षभराच्या त्यांच्या फिरण्याचा विचार करून तात्पुरते थांबेही त्यात धरायचे असतात. तिथेही अंमलबजावणी रखडते. तरी मुक्कामाची जागा ही सरकारची जबाबदारी म्हणून कायद्यात लिहिली गेली.

आपल्या योजनेत घर आहे, थांबा नाही. घर हवंच, म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना तर आधी हवं. पण सारोळ्यासारख्या हमरस्त्याच्या प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या नकाशावर थोडी जमीन पालांसाठी राखलेली असावी, तिथे नळ आणि संडास असावा, आणि आलेल्या कुटुंबाची नोंद त्याच दिवशी व्हावी. पोलिसांच्या वहीत नव्हे, ग्रामपंचायतीच्या.