थ्रेड : तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे वय कसे ओळखावे?

१/ श्रावण अमावास्येला शेतकऱ्याच्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा, हा विदर्भातील क्रम. वाशीम जिल्ह्यातही मुले चाकांचा नंदी दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परततात. असे जुने नंदी आता संग्राहकांच्या हाती जात आहेत.

२/ परंपरेनुसार ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली. त्याआधी तीनच वर्षे, १८०३ च्या देवगावच्या तहाने, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला होता. वाशीम त्याच मुलखातले. राज्याची सीमा नदीवर थांबली, तरी मुलांचा सण पलीकडे रुजला.

३/ वय ठरवताना रंगावर विसंबू नये. घरचा नंदी पोळ्याच्या तोंडावर पुन्हा रंगवला जातो. म्हणून जुना बैलही नवा दिसतो. उलट, नवा बैल घासून आणि धुरकटवून जुना भासवता येतो.

४/ नंदी उलटा करून पोट पाहावे. तिथे सहसा फारशी सफाई केलेली नसते. वाकसाचे आणि पटाशीचे घाव स्पष्ट दिसतात. शिंगे खोबणीत बसवलेली आहेत की अखंड लाकडातून कोरलेली, वशिंड उंच की बसके, झूल कोरीव की केवळ रंगवलेली, हे भेद मात्र सुताराच्या हातोटीचे. केवळ त्यांवरून वय ठरत नाही.

५/ मग खिळे. चौकोनी, घडीव खिळा लोहाराच्या हातचा. तारेचा गोल खिळा कारखान्यातला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला. परंतु चाके झिजतात आणि बदलली जातात. चाकाचा खिळा चाकाचेच वय सांगतो, बैलाचे नव्हे. आसाचे भोक लंबगोल झिजले असेल, तर नंदी खरोखर ओढला गेला आहे.

६/ 'मूळ लाकूड' दाखवण्यासाठी रंग खरवडणे हे सर्वांत मोठे नुकसान. एकावर एक चढलेले थर म्हणजे त्या घरातील पोळ्यांची नोंदवहीच. ती पुसली की परत लिहिता येत नाही.

७/ विकत घेताना गाव, घर आणि सुतार यांची माहिती विचारून लिहून ठेवावी. सुताराने बैलावर नाव कोरलेले क्वचितच असते. घरातील वृद्धांना मात्र ते अनेकदा आठवते.