आईचा आवाज

उज्जैनच्या फ्रीगंज भागात आमचे बिऱ्हाड आहे. आमची आई ऐंशी वर्षांची असून डोळ्यांच्या उपचारासाठी तिला दर महिन्यास इंदूरला न्यावे लागते. सांवेरवरून हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर भरते.

आमची मोटार जुनी, डिझेलवर चालणारी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेलाचा फवारा पडताच ते एकदम पेट घेते आणि त्या धक्क्याने खडखडाट होतो. या खडखडाटाची आम्हांस इतकी सवय जडली होती की, तो कोणाचे बोलणे गिळीत आहे हे ध्यानातच आले नाही.

पूर्वी आई वाटभर बोलत असे. हळूहळू ती गप्प बसू लागली. वयोमानाने थकली असेल, असे मी समजलो. गेल्या पावसाळ्यात सांवेर ओलांडताना ती काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हणून विचारले. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेस मी त्रासून म्हणालो, "आई, घरी गेल्यावर सांग ना!" ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

रात्री जेवताना मी विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, लग्नानंतर तुझे बाबा आणि मी पहिल्यांदा इंदूरला निघालो, तेव्हा ज्या झाडाखाली डबा सोडला होता, ते झाड दिसलं. थांबव म्हणत होते. असू दे आता."

हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात एका दुकानातून दारांना व छताला जाड स्पंज लावून घेतला. पैसे गेले, आवाज होता तसाच राहिला. मग एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. गाडीखाली वाकून पाहून ते एवढेच म्हणाले, "बाबूजी, पहले छेद बंद करो, फिर गद्दा बिछाओ."

त्यांच्या बोलण्यात मोठे शास्त्र होते. इंजिनाचा आवाज दोन वाटांनी आत येतो: एक हवेतून, दुसरी लोखंडातून. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते, त्यांतील एक चिरला होता. त्यामुळे सारा हादरा सांगाड्यात उतरत होता. तो बदलला. इंजिन व बैठक यांमधील पत्र्यात तारा नेण्यासाठी पाडलेली भोके उघडी होती. ती रबराने बुजविली. आडोशाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी तो आडोसा कितीही जाड असो, २० डेसिबेलांहून अधिक आवाज अडत नाही! मग त्या पत्र्यावर व तळावर ब्युटिल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेले तक्ते चिकटविले. पत्र्याचा कंप ते किंचित उष्णतेत जिरवितात. त्यांवर नमदा व सर्वांत वर जड व्हिनाइलचा थर आला. नुसता स्पंज उंच स्वर शोषतो. खालच्या पट्टीतील घरघर त्याला जुमानीत नाही. तळातील पाणी जाण्याची छिद्रे मात्र मिस्त्रींनी मोकळी ठेविली, आणि धुराच्या तापलेल्या नळीजवळ काहीही लावले नाही.

आवाज १० डेसिबेलांनी उतरला, तर कानास तो सुमारे निम्मा भासतो. आमचा किती उतरला ते मी मोजले नाही. इंजिन अजूनही गुरगुरते, मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही ऐकू येतो. आणि तो ऐकू आलाच पाहिजे.

पुढच्या फेरीस सांवेर जवळ आले, तेव्हा मागील बैठकीवरून हलक्या आवाजात शब्द आले, "जरा हळू घे रे." मी गाडी थांबविली. त्या झाडाखाली आम्ही डबा सोडला. आई तासभर बाबांविषयी बोलत होती. त्यांतील निम्म्या गोष्टी मी प्रथमच ऐकल्या.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारे माणूस अलीकडे गप्प झाले असेल, तर ते थकले असे मानण्यापूर्वी एकवार पाहावे: त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचते तरी आहे ना?