इंजिन कुणाचं घ्यायचं

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घरामागे विटांचं एक गॅरेज आहे. त्यात दोन वर्षांपासून एक सांगाडा उभा आहे. एक इंच चौरसाच्या पोलादी नळ्या कापून, घासून, एकेक सांधा वेल्ड करून मी तो केला. हिवाळ्यात सकाळी दार उघडलं की नळ्यांवर बारीक दव धरलेलं असतं. मी फडकं घेऊन आधी ते पुसते, मग दिवा लावते. मागच्या बाजूला दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा. पुढे, पाय संपतात तिथून नाकापर्यंत, काहीच नाही. ती पोकळी इंजिनाची. कितीतरी संध्याकाळी मी नुसती त्या पोकळीसमोर स्टुलावर बसून काढल्या. लांबी, रुंदी, उंची इतक्या वेळा मोजली की आकडे झोपेतही सांगितले असते. पण तिथे कुणाचं इंजिन यायचं, ते आकडे सांगत नव्हते.

अशा गाड्या घरी बांधणारे लोक इंग्लंडात पुष्कळ आहेत. चासी आपली, पत्रा आपला. बाकी सगळं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, स्टिअरिंग, पेडलं, अगदी वायरिंगसुद्धा, एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचं. त्या जुन्या गाडीला इथे ‘डोनर’ म्हणतात. रक्त देणाऱ्याला, डोळे देणाऱ्याला जो शब्द, तोच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थबकले होते. दान देणारा आपण होऊन देतो. इथे गाडीला कोण विचारतं?

रीत जुनी आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या विशीतल्या तरुणाने १९४८ साली लंडनमध्ये, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात, एका वापरलेल्या ऑस्टिन सेव्हनमधून आपली पहिली स्पर्धेची गाडी उभी केली. ऑस्टिन सेव्हन ही ७४७ सीसीची, साध्या कुटुंबांची गाडी. १९२२ पासून १९३९ पर्यंत ती बनत होती, त्यामुळे युद्धानंतर स्वस्तात मिळे. पुढे १९५७ साली चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन नावाचीच स्वतःची गाडी आणली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि सुरुवातीला आत फोर्डचं ११७२ सीसीचं अगदी साधं इंजिन. तयार गाडीवर तेव्हा ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक सेव्हन सुट्या भागांत विकत घेत आणि घरी जोडत. १९७३ साली तो कर जाऊन व्हॅट आला, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. ती गाडी आजही बनते, पण माझ्यासारखीच्या खिशाबाहेरची आहे.

माझी वाट वेगळ्या दाराने आली. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या एका शिक्षकांचं पुस्तक निघालं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याचं नावच सांगतं. सेव्हनच्या वळणाची गाडी, सगळी मापं दिलेली, आणि डोनर म्हणून फोर्ड एस्कॉर्ट. एस्कॉर्टची पहिली दोन मॉडेलं, १९६८ ते १९८० मधली, या कामाला जशी काही बेतूनच केलेली होती. इंजिन पुढे आणि लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट, आणि ताकद मागच्या चाकांना. मागचा ॲक्सल अख्खा आणि अरुंद. उचलायचा आणि नव्या सांगाड्याखाली ठेवायचा. १९८० साली आलेल्या एस्कॉर्टमध्ये इंजिन आडवं झालं, ताकद पुढच्या चाकांना गेली, आणि तो मार्ग बंद पडला. राहिलेल्या जुन्या एस्कॉर्ट आता रॅलीवाल्यांच्या जिवाभावाच्या आहेत. त्यांच्या किमती बघितल्या आणि मी ते पान मिटलं. मला वाईट वाटलं नाही. जी गाडी आता कुणीतरी जपतंय, ती खोलायला घ्यावी असं मनात येऊही नये.

मग फोर्डचीच सिएरा. तीही मागच्या चाकांवर चालणारी. तिचं दोन लिटरचं पिंटो इंजिन दणकट, पण ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं. माझ्या पोकळीत ते उंचीलाही बसेना. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर खालून कापून उथळ करावं लागतं, नाहीतर रस्त्याला टेकेल. करणारे करतात. मला मात्र हलक्या नळ्यांच्या पुढ्यात एवढं बीड ठेवणं पटेना.

मोटरसायकलच्या इंजिनाचा मोह सगळ्यात मोठा होता, हे कबूल करते. मे महिन्यात इथून जवळच स्टोनली पार्कला अशा गाड्यांचा मेळा भरला होता. तिथे यामाहा आर-वनचं इंजिन बसवलेली एक गाडी सुरू झाली आणि अंगावर काटा आला. लिटरभराचं इंजिन, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर जाऊन किंचाळणारं, वजनाला निम्मं. मी घरी आले ती तेच कानात घेऊन. पण आठवडाभर वाचत गेले तसं एक कळलं, आणि त्याने मी अडले. मोटरसायकल वळणावर कलते. ती कलते म्हणून तिच्या पोटातलं तेल तळाशीच राहतं, आणि पंपाचं तोंड त्यात बुडालेलं राहतं. चारचाकी कलत नाही. वळणावर तेल एका अंगाला धावतं, पंपाच्या तोंडी हवा येते, आणि बेअरिंगं कोरडी पडतात. त्यावर उपाय आहेत. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या घालतात, तेलाची वेगळी टाकी करतात. रिव्हर्स गिअरही वेगळा करावा लागतो. पण आयुष्यभर कलत आलेल्या इंजिनाला सरळ बसायला लावायचं, हे मला आतून रुचलं नाही.

हे असं आतून रुचणं-न रुचणं मला कुठून आलं, ते सांगायला कुर्ल्याला जावं लागेल. बाबांचं तिथे टॅक्सी दुरुस्तीचं गॅरेज होतं. टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण गॅरेजात पद्मिनी कुणी म्हणत नसे. सगळे फियाटच म्हणत. तिचा कारखानाही कुर्ल्यातच होता. म्हणजे जन्म तिथे, आजारपण बाबांच्या दारात, आणि शेवट रस्त्यापलीकडच्या भंगारवाल्यांकडे. शाळेतून आले की मी टायरवर बसून बघत राही. बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवत आणि मूठ कानाला लावत. डोळे मिटत. मग बोटाने खूण करून इंजिन बंद करायला सांगत. बेअरिंगचा आवाज कसा, टॅपेटचा कसा, पिस्टन सैल झाला की कसा, हे मी वाचायच्या आधी ऐकलं. फियाटला इंजिन बदलावं लागलं तर दुसऱ्या फियाटचं काढून बसवत. पण कुठल्या गाडीचं काढायचं, त्याबद्दल बाबांचा हट्ट असे. अपघातात दबलेली चालेल, पत्रा संपलेली चालेल. स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी धडधाकट गाडी आणली तर ते तिला हात लावत नसत. “चालती गाडी खोलू नये,” एवढंच म्हणत, आणि चहा मागवत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाबांनी फोनवर ते सांगितलं आणि बराच वेळ गप्प राहिले. त्याच दिवसांत मी इंजिनांचा शोध करताना जुन्या इटालियन गाड्यांबद्दल वाचत होते, आणि एके रात्री एक गोष्ट समोर आली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात चिसितालिया २०२ नावाची गाडी आहे. पिनिन फरिनाने घडवलेली, कुठेही सांधा न दिसणारी, एखादा गोटा नदीने घासून दिला असावा तशी. १९५१ साली त्या म्युझियमने निवडक आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. तिचीच उघडी बहीण घेऊन ताझिओ नुव्होलारी १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत दुसरा आला होता, कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून. आणि तिच्या आत काय होतं? फियाट ११०० चं १०८९ सीसीचं इंजिन. युद्धानंतरच्या इटलीत हाताशी होतं ते घेऊन, थोडं सुधारून बसवलेलं.

मी घड्याळ बघितलं. मुंबईत पहाटेचे साडेपाच. बाबा उठलेले असतात. फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“अकराशेचंच ना?” त्यांनी विचारलं. “बोअर किती लिहिलाय?”

“अडुसष्ट, बाबा. स्ट्रोक पंच्याहत्तर.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मग म्हणाले, “मग ते आपल्याच घरचं, बाय.”

आजवर ज्या इंजिनावर त्यांनी हात काळे केले, त्याचा नातेवाईक म्युझियममध्ये उभा आहे, हे त्यांनी त्या दिवशी गॅरेजातल्या जुन्या दोन माणसांना फोन करून सांगितलं, असं आई म्हणाली. मला मात्र त्यातून माझं उत्तर मिळालं. शर्यतीचं म्हणून वेगळं इंजिन शोधायची गरज नव्हती. रोज कामाला जाणारं, लाखोंनी बनलेलं, खेड्यातल्या मेकॅनिकलाही उमगणारं इंजिन हवं होतं. वजन उतरवलं की तेच धावतं.

असं आज इथे सहज मिळणारं म्हणजे मझ्दा एमएक्स-५ चं. १९८९ साली आलेली ही छोटी उघडी गाडी स्वतःच त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या प्रेमातून जन्मली. पहिल्या गाड्यांतलं १.६ लिटरचं इंजिन साधारण ११५ अश्वशक्तीचं. मूळ गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. माझ्या सांगाड्यात तीच ताकद सहाशे किलोंना ओढेल. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हे ऐकूनच बाबा खूश झाले. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. बांधणारे नंतरचं, लांब टोकाचं पसंत करतात. ओळखायची खूण सोपी. पुढच्या पुलीच्या मध्यावर खाचा मोजायच्या: चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब.

पहिली मिळाली ती लाल. मालकीणबाई परदेशी चालल्या होत्या म्हणून कमी किमतीत देत होत्या. पत्रा स्वच्छ, आवाज स्वच्छ, आठ खाचा. मी चालवून पाहिली. शेतांमधल्या अरुंद रस्त्यावरून ती इतक्या आनंदाने वळली की परत येईपर्यंत माझा घसा दाटला. किल्ली परत दिली आणि ट्रेनने घरी आले. रात्री बाबांना सांगितलं तर त्यांनी का, असं विचारलंही नाही.

दुसरी ननीटनच्या बाहेर एका निवृत्त गृहस्थांकडे होती. निळी. वरून मेण लावून लावून आरशासारखी केलेली. त्यांनी तीस वर्षं ती दर रविवारी पुसली होती. पण या गाडीच्या कापडी टपावरचं पाणी सीटांमागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली जातं, आणि त्या नळ्यांत पानं, धूळ अडकली की पाणी आतल्या आत दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. एमओटी नावाच्या वार्षिक तपासणीत माणसाने खालून हातोडी टेकवली आणि पत्रा बिस्किटासारखा आत गेला. दोन्ही बाजू, मागच्या चाकांपर्यंत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून मोठा. ते गृहस्थ मला ती भोकं दाखवत होते आणि त्यांचा हात दाराच्या कडेवरून फिरत होता, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा.

मी वाकून खाचा मोजल्या. आठ. इंजिन थंड होतं, तसंच सुरू करायला सांगितलं. टक टक टक असा आवाज आला. मी व्हिडिओ कॉल लावला, खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक हेडवर ठेवलं, मूठ आधी माझ्या कानाला आणि मग फोनला लावली. फोनमधून काय ऐकू गेलं असेल देव जाणे. पण बाबांनी डोळे मिटले होते.

“खालून नाही ना?” त्यांनी विचारलं. मी चेंबरजवळ टोक नेलं. खाली शांत होतं. “मग टॅपेट आहे. तेलावर चालतात ना त्यातले? तापू दे.” आम्ही तिघं, एक इथला म्हातारा, एक तिथला आणि मी, वाट बघत राहिलो. आठ-दहा मिनिटांनी टकटक विरळ झाली आणि मग थांबली. त्या गृहस्थांनी फोनच्या दिशेने हात वर केला. बाबांनीही केला.

कागद त्यांनी एका फायलीत नीट लावलेले होते, आणि मला त्यांची गरज होती. घरी बांधलेल्या गाडीला इथे आयव्हीए नावाची कडक तपासणी द्यावी लागते. धुराचे निकष इंजिनाच्या वयावर ठरतात, म्हणून इंजिन कधीचं ते कागदावर दाखवता यावं लागतं. वय न सांगता येणाऱ्या, चार ठिकाणच्या भागांच्या गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो. शक्य तेवढं सगळं एकाच गाडीतून घ्यायचं, हे मी ठरवलं होतं. चार जणांकडून थोडं थोडं घेण्यापेक्षा एकाचं सगळं घ्यावं आणि ते कुणाचं, हे आठवणीत ठेवावं.

मार्चमध्ये इंजिन उतरवलं. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब जाळीदार तुळई असते. गिअरबॉक्सचं शेपूट तिच्यावरच तोललेलं. माझ्या सांगाड्यात ती येणार नाही, म्हणून गिअरबॉक्सला वेगळा आधार वेल्ड करावा लागेल, हे मापात धरून मी ती सोडवली. पाणी काढलं, तेल काढलं, वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली. दोन दिवस गेले. मग इंजिनाला साखळी अडकवली आणि क्रेनचा दांडा हळूहळू पंप करत गेले.

साखळी ताणली. फाउंडेशनचे बोल्ट सुटे झालेच होते. इंजिन बोटभर उचललं, वीतभर उचललं. आणि त्याबरोबर गाडीचं नाकही वर यायला लागलं. पुढच्या स्प्रिंगा, इतकी वर्षं दबलेल्या, हळूहळू मोकळ्या होत होत्या. डोक्यावरचा भारा कुणीतरी हात लावून उतरवावा आणि बाईची मान आपोआप सरळ व्हावी, तशी ती निळी गाडी वर आली आणि थांबली. इंजिन साखळीला झुलत होतं. मी एक हात त्याच्यावर ठेवला, दुसरा गाडीच्या बॉनेटच्या कडेवर, आणि झोका थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.