नाहूमचा केक आणि आमच्या घरातली चार मते

आमच्या इंदिरानगरात, वडाळ्याकडे जाताना एक बेकरी लागते. शाळा सुटल्यावर मी तिथून कधी खारी घेते, कधी टोस्ट, कधी नानखटाई. बेकरीवाला कोण, कुठला, हे मी आजवर विचारलेले नाही. माल ताजा आहे ना, एवढेच बघते. दुकानदाराच्या धर्मावरून आमच्या घरात कधी वाद होईल असे वाटले नव्हते. तो झाला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, इथून सुमारे अठराशे किलोमीटरवर, कोलकात्यात.

माझी नणंद कोलकात्याला पार्क सर्कस भागात राहते. बरीच वर्षे तिचा आग्रह चालला होता. शेवटी मध्यरात्री नाशिकरोडला हावडा मेलमध्ये बसलो. एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत काढून पहाटे हावड्याला उतरलो. नाश्त्यालाच नणंद म्हणाली, "भाभी, आज न्यू मार्केट. नाहूमचा केक खाल्ल्याशिवाय कोलकाता बघितलं असं म्हणायचं नाही."

माझी लेक अकरावीत आहे. तिने विचारले, "फुफी, नाहूम म्हणजे कोण?"

"यहुदी. मूळचे बगदादचे."

लेकीने हातातला चमचा खाली ठेवला. "मग मी खाणार नाही."

वर्षभर ती मोबाइलवर गाझातली मुले बघत होती. ढिगाऱ्याखालून काढलेली, रांगेत रिकामी भांडी घेऊन उभी असलेली. तिने आपणहून काही वस्तू सोडल्या होत्या. तिला रागवावे असे मला वाटले नाही. दुसऱ्याच्या मुलाचे दुःख बघून ज्याचा घास अडतो, त्याचे काळीज जिवंत आहे. पण नाहूम आणि गाझा यांचा संबंध काय, हेही मला तिला सांगता येईना. तिचे अब्बा म्हणाले, "खाऊ नकोस, पण बघायला काय हरकत आहे?" तेवढे तिने ऐकले.

न्यू मार्केट १८७४ साली सुरू झाले. लाल विटांची ती इमारत बाहेरून एखाद्या जुन्या स्टेशनासारखी दिसते आणि आत गल्ल्यांचे जाळे आहे. बगदादी यहुदी नाहूम इस्रायल यांनी १९०२ मध्ये केक-बिस्किटांचा धंदा सुरू केला आणि पुढे तो या बाजारात आला. त्या काळी कोलकात्यात बगदाद, बसरा, हलब इथून आलेल्या यहुद्यांची मोठी वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती हजारोंत गेली होती. नंतर कोणी इंग्लंडला गेले, कोणी इस्रायलला, कोणी ऑस्ट्रेलियाला. आता मोजकीच माणसे उरली आहेत. नाहूम यांचे नातू डेव्हिड यांनी हे दुकान अनेक वर्षे सांभाळले. २०१३ मध्ये तेही वारले. दुकान मात्र चालूच आहे.

आत जुन्या पद्धतीची लाकडी-काचेची कपाटे. त्यांत प्लम केक, लेमन टार्ट, क्रीम रोल, चिकन पॅटिस. एका ताटात अर्धचंद्राच्या आकाराचे काहीतरी होते. नाव विचारले तर सांबुसक, आत चीज. उर्दू शिकवणारीला हा शब्द ओळखीचा वाटणारच. अरबीतला संबूसक, फारसीतला संबोसा आणि आपला समोसा, सगळे एकाच घरचे. बगदादहून निघालेली एक पाककृती यहुद्यांबरोबर कोलकात्याला आली आणि तिचीच दुसरी बहीण आपल्या रमजानच्या दस्तरखानावर रोज बसते.

दुकानात गर्दी होती, म्हणून नणंदेला तिची गोष्ट सांगायला वेळ मिळाला. लग्न होऊन आली तेव्हा दोन वर्षे तिने या दुकानाची पायरी चढली नाही. यहुद्याचे आपल्याला चालते का, ही शंका. मग सासऱ्यांनी सांगितले, सूरह माइदामध्ये अहले किताबचे अन्न आपल्याला हलाल ठरवले आहे. फक्त दारू आणि डुक्कर कोणाच्याही घरचे असो, हराम ते हराम. तेव्हापासून ती दर ईदला इथून खोका नेते. आमच्या पुढचे एक वयस्कर बंगाली गृहस्थ म्हणाले की त्यांचे वडील बड्या दिनाला इथूनच केक आणत. तेव्हाची चव आता कुठे! त्यांच्या नातीला मॉलमधले केक जास्त आवडतात, पण आजोबांसाठी ती रांगेत उभी होती. एकाच केकबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे, आणि प्रत्येकाच्या मतात केकपेक्षा त्याचे स्वतःचे घर जास्त.

काउंटरजवळ गेल्यावर मी माझी शंका विचारली. एका पदार्थाचे नावच रम बॉल होते. काउंटरवरच्या माणसाने एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगितले, हे घ्या, हे तुमच्यासाठी नाही. मी सलाम केला होता, त्याचे उत्तर त्याने पूर्ण दिले होते. तेव्हा कुठे लेकीच्या लक्षात आले. तिने विचारले, "चाचा, तुम्ही मुसलमान?" तो हसला आणि म्हणाला, "बेटी, इथे आम्ही हिंदू-मुसलमान मिळूनच काम करतो."

बाहेर आल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे दुकान कोणावर बॉम्ब टाकत नाही, हे मला कळतंय, अम्मी. पण हात पुढे होत नाही." मी म्हटले, "नको करू. खोका तेवढा धर." तो तिने धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाखुदा मशिदीत गेलो. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मागेन डेव्हिड हे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चे. पिढ्यान्‌पिढ्या त्याची देखभाल मुसलमान कुटुंबे करत आली आहेत. नणंदेच्या शेजारची मुलगी ज्यू गर्ल्स स्कूलमध्ये जाते. तिथल्या बहुतेक मुली आता मुसलमान आहेत. मुंबईतल्या सर एली कदूरी आणि जेकब ससून शाळांचीही हीच कथा. बांधल्या यहुद्यांनी, आज शिकतात जास्त करून आपली मुले. शिक्षिका म्हणून हे मला ठाऊक असायला हवे होते.

इंदिरानगरला परतलो आणि संध्याकाळी केक कापला. माझ्या सासूबाईंचे माहेर पनवेलचे. "यहुद्याचा केक" म्हटल्यावर त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी फक्त विचारले, "म्हणजे शनवार तेल्यांचा?"

कोकणातले बेने इस्रायली पूर्वी तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून हे नाव. त्यांची बोली आपलीच मराठी आणि आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी. पनवेलमध्ये त्यांचे प्रार्थनास्थळ आजही आहे. सासूबाईंच्या लहानपणी शेजारी असेच एक घर होते. हजरत इलियास अलैहिस्सलाम यांच्या नावाने त्या घरी मलिदा व्हायचा; पोहे, ओला नारळ, साखर आणि फळे घातलेला. "आपला मलिदा चपातीचा, त्यांचा पोह्यांचा. वाटी इकडची तिकडे जायची. मग ते इस्रायलला निघून गेले. जाताना त्यांची आई माझ्या अम्मीच्या गळ्यात पडून रडली."

लेक ऐकत होती. "दादी, आता त्यांची नातवंडं तिकडे फौजेत असतील."

"असतील," सासूबाई म्हणाल्या. "जुलूम करणाऱ्याला अल्लाह बघतोच आहे. त्यासाठी दुआ कर, बोल, लिही. पण त्या बाईची वाटी मी कशी विसरू?"

दोघींपैकी कोण चुकले, हे मला आजही सांगता येत नाही. लेकीचा राग खरा आहे आणि दादीची वाटीही खरी आहे. एका घरात दोन्हींना जागा असावी, एवढेच मला कळते.

थोड्या वेळाने लेकीने सुरी घेतली, पातळसा तुकडा कापला आणि उभ्यानेच खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मनुके जरा जास्त आहेत," ती म्हणाली.

आमचे हसू थांबेना. इतक्या दिवसांत त्या केकबद्दल, फक्त केकबद्दल, घरातले कोणी पहिल्यांदाच बोलले होते.